ॲक्सेसमधल्या रिक्वायरमेंट्स डोअर्समध्ये नेताना

आमची कंपनी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. रेल्वे सिग्नलिंगसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आम्ही बनवतो. दोन स्टेशनांमधल्या रुळावर गाडी आहे की लाइन मोकळी आहे, हे ओळखणारी ही उपकरणं. त्यांच्या सॉफ्टवेअरने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे एकेका वाक्यात लिहून ठेवावं लागतं. अशा प्रत्येक वाक्याला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. आमच्याकडे ही वाक्यं कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये होती. ती ग्राहकाच्या डोअर्स या रिक्वायरमेंट्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यासारख्या लहान कंपन्यांत अशी एखादी ॲक्सेसची फाइल असतेच आणि कधी ना कधी हे काम समोर येतंच, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मागणी रास्त होती. रेल्वेच्या सॉफ्टवेअरसाठी ईएन ५०१२८ हे युरोपियन मानक होतं (२०२३ मध्ये त्याच्या जागी ईएन ५०७१६ आलं) आणि आपल्याकडेही सिग्नलिंगच्या कामात त्याचा आधार घेत आले आहेत. सुरक्षेच्या वरच्या पातळीचं काम असेल तर असेसर (स्वतंत्र तपासनीस) बसतो आणि कुठल्याही एका रिक्वायरमेंटवर बोट ठेवतो. तिचं डिझाइन कुठे, कोड कुठे, टेस्ट कुठली, हे दाखवायचं. मग उलटा प्रवास: ही टेस्ट कशासाठी आहे, ते सांगायचं. यालाच ट्रेसिबिलिटी म्हणतात. आमच्याकडे या जोड्यांचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, एक्सेलमध्ये हाताने भरला जायचा, तोही ऑडिट तोंडावर आल्यावर. डोअर्समध्ये हेच काम लिंक करतात. हे सॉफ्टवेअर ऑक्सफर्डच्या क्यूएसएस कंपनीचं. पुढे ते टेलिलॉजिककडे गेलं आणि २००८ पासून आयबीएमकडे आहे. विमान, रेल्वे, संरक्षण या क्षेत्रांत त्याचा जम जुना आहे.

ॲक्सेसची फाइल आमच्या सरांनी उभी केली होती. सर आता निवृत्तीला आलेत. या फाइलला जुनाट म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत, मला ते पटत नाही. ॲक्सेस १९९२ पासून आहे. फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, पण आमच्या रिक्वायरमेंट्सचा सगळा पसारा त्याच्या आसपासही जात नव्हता. टेबलं नीट होती: रिक्वायरमेंट एकीकडे, टेस्ट दुसरीकडे आणि दोघांना जोडणारं तिसरं टेबल मध्ये. एका रिक्वायरमेंटला अनेक टेस्ट आणि एका टेस्टला अनेक रिक्वायरमेंट्स लागतात, हे सरांनी पहिल्यापासून ध्यानात ठेवलं होतं. ते तिसरं टेबल नसतं तर लिंकांसाठी मला सगळं पहिल्यापासून हाताने करावं लागलं असतं.

सगळ्यांना हवी होती थेट जोडणी: ॲक्सेसमध्ये बदल केला की तिकडे डोअर्समध्ये दिसला पाहिजे. त्यासाठी ओडीबीसीचा, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याचा डेटाबेस वाचू देणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, रस्ता पाहिला. इथे पहिला खोडा बसतो तो ३२ आणि ६४ बिटचा. जोडणारा प्रोग्राम ज्या बिटचा, ॲक्सेसचा ड्रायव्हरही त्याच बिटचा लागतो. आमच्या मशीनवर ऑफिस ६४ बिटचं आणि जोडणारा प्रोग्राम ३२ बिटचा, त्यामुळे ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशनच्या आर्किटेक्चरचा मेळ नाही असा एरर यायचा. ओडीबीसीची सेटिंग करणारा प्रोग्राम विंडोजमध्ये दोन ठिकाणी असतो, दोन्हींच्या फाइलचं नाव एकच. ६४ बिटचा सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचा सिसवाऊ६४ मध्ये. नावावर विसंबून गेलात तर नेमकं उलट्या दारात शिराल. शेवटी एक वेगळं मशीन घेतलं, त्यावर सगळं ३२ बिटचंच ठेवलं आणि जोडणी लागली.

लागली, पण ती ठेवायची नाही असं मीच सुचवलं. टेस्टिंगमधला माणूस वाक्य अर्धं टाइप करून चहाला उठला, तर ते अर्धं वाक्य त्याच क्षणी ग्राहकाच्या मॉड्यूलमध्ये (डोअर्समधल्या दस्तऐवजात) जाणार. सुरक्षेच्या कामात रिक्वायरमेंटला एक ठरलेली अवस्था लागते: अमुक तारखेची, तपासलेली, सही झालेली. डोअर्समध्ये बेसलाइन असते ती याचसाठी. बेसलाइन एकदा घेतली की तो मजकूर गोठतो, त्याला कुणी हात लावू शकत नाही. वाहत्या पाण्याची बेसलाइन कशी घेणार? म्हणून ठरवलं की जोडणी एकाच दिशेने चालेल. ॲक्सेसमधून ठरलेल्या वेळी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल निघेल, ती तपासली जाईल आणि मगच आत जाईल. लिंक मात्र डोअर्समध्येच राहतील. ॲक्सेसमधलं लिंकांचं टेबल एकदा तिकडे गेलं की इकडे त्याला टाळं. एकाच गोष्टीचे दोन मालक झाले की कुठली प्रत खरी यावर भांडण ठरलेलं.

रेक-आयएफचाही विचार झाला. ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये आणलेलं हे एक्सएमएलवर आधारलेलं मानक दोन रिक्वायरमेंट टूल्समध्ये देवाणघेवाण करायला उत्तम आहे. पण ॲक्सेस ते स्वतःहून देत नाही, आणि आमच्या सरळ रकान्यांसाठी एवढा घाट घालायची गरज नव्हती.

मग आला ओळखीचा प्रश्न. माझ्या मते अख्ख्या कामाचा पाया तोच आहे. आमच्या रिक्वायरमेंटचे क्रमांक प्रकरणाप्रमाणे होते: ३.२.१४, ३.२.१५ असे. मध्ये एक नवी घातली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकायचे. छापील कागदाला हे चालतं. पण लिंक जर ३.२.१५ ला बांधली असेल आणि उद्या त्या क्रमांकावर वेगळंच वाक्य बसलं, तर लिंक तुटल्याचं कुणालाच दिसत नाही. ती दिमाखात चुकीच्या वाक्याकडे बोट दाखवत राहते. ॲक्सेसचा ऑटोनंबर वापरू, असं काहींचं म्हणणं पडलं. तो टेबलाच्या आत टिकतो खरा, पण कुणी रेकॉर्ड कापून दुसऱ्या टेबलात चिकटवले की त्यांना नवे नंबर मिळतात. आमच्या फाइलमध्ये तसं पूर्वी झाल्याच्या खुणा होत्या.

म्हणून एक नवा मजकुराचा रकाना केला. त्याला युनिक इंडेक्स लावला आणि तो रिकामा ठेवता येणार नाही अशी अट घातली. प्रत्येक रिक्वायरमेंटला त्यात कायमचा क्रमांक दिला. वाक्य बदललं तरी क्रमांक तोच. रिक्वायरमेंट रद्द झाली तर रेकॉर्ड पुसायचा नाही, स्थितीच्या रकान्यात रद्द लिहायचं. तो क्रमांक पुन्हा कुणालाच द्यायचा नाही. डोअर्सही आत हेच करतं: प्रत्येक ऑब्जेक्टला (म्हणजे तिथल्या प्रत्येक नोंदीला) मिळालेला ॲब्सोल्यूट नंबर ऑब्जेक्ट काढून टाकला तरी दुसऱ्याला मिळत नाही. आमचा क्रमांक डोअर्समध्ये वेगळं ॲट्रिब्यूट (तिथला रकाना) म्हणून गेला आणि पुढच्या प्रत्येक खेपेला जुळवाजुळव त्याच्यावरच होते.

आता सगळ्यात गंभीर प्रकार सांगते.

पहिली चाचणी आयात झाली. रेकॉर्डची संख्या दोन्हीकडे सारखी, कुठे एरर नाही. मी सवयीप्रमाणे मधूनमधून वाक्यं वाचत होते. एक वाक्य वाचताना थांबले. रीसेटबद्दलची ती रिक्वायरमेंट मला जवळपास पाठ होती. ॲक्सल काउंटर, म्हणजे रुळाच्या तुकड्यात (सेक्शनमध्ये) शिरलेले आणि बाहेर पडलेले आस मोजणारं उपकरण, रीसेट केला म्हणून सेक्शन लगेच मोकळं धरायचं नसतं. पहिली गाडी सावधपणे पूर्ण पार होऊन दोन्ही टोकांचे काउंट जुळले, मगच ते मोकळं. आमच्या वाक्यात आधी रीसेटची रीत होती आणि ही अट शेवटी, "मात्र" नंतर. डोअर्समध्ये "मात्र" पासून पुढचं काहीच नव्हतं. वाक्य मध्येच संपलं होतं, पण वाचणाऱ्याला ते अपुरं वाटावं असंही नव्हतं. रीसेट केल्यावर सेक्शन मोकळं, एवढाच अर्थ शिल्लक राहिला होता. नेमका धोक्याचा.

अक्षरं मोजली तर २५५. मग इतर लांब वाक्यं पाहिली. तीही २५५ वर कापलेली.

याचं कारण मला आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता कळलं. माझी एक मैत्रीण तिथे डेटाबेसचंच काम करते. मी आकडा सांगताच ती म्हणाली, "तुझ्या क्वेरीत डिस्टिंक्ट आहे का बघ." होता. क्वेरी म्हणजे टेबलातून हवे ते रेकॉर्ड काढायची आज्ञा, आणि डिस्टिंक्ट म्हणजे सारखे रेकॉर्ड एकदाच दाखवायची सूचना. ॲक्सेसमधला साधा मजकूर २५५ अक्षरांपर्यंतच मावतो, लांब मजकुरासाठी वेगळा प्रकार आहे. त्याला पूर्वी मेमो म्हणायचे, २०१३ च्या आवृत्तीपासून लाँग टेक्स्ट. टेबलात आमचा मजकूर लाँग टेक्स्टच होता आणि तिथे तो पूर्ण होता. पण क्वेरीत डिस्टिंक्ट, ग्रुप बाय (गट पाडणं) किंवा साधा युनियन (दोन याद्या एकत्र करणं) आला की रेकॉर्ड एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी ॲक्सेस लांब मजकूर २५५ अक्षरांवर छाटतं. कुठलीही सूचना येत नाही. उपाय सोपा आहे. डिस्टिंक्ट काढून टाकायचा, युनियनच्या जागी युनियन ऑल घ्यायचा, गट पाडायचाच असेल तर लांब रकान्यावर ग्रुप बायऐवजी फर्स्ट लावायचं. त्या फील्डच्या फॉरमॅट प्रॉपर्टीतही काही नको, तिच्यामुळेही छाटणी होते.

तेव्हापासून नुसती रेकॉर्डसंख्या जुळली म्हणून कुठलीही आयात मी मान्य करत नाही. ॲक्सेसमध्ये लेन फंक्शनने प्रत्येक वाक्याची लांबी काढतो, डोअर्समधून परत निर्यात करून तिथली लांबी काढतो आणि क्रमांकानुसार दोन्ही ताडतो. त्यानंतर मजकूरही अक्षर न् अक्षर. हे सगळं स्क्रिप्ट करते, माणसाला फक्त फरकांची यादी वाचायची असते. हे कुणाला जास्तीचं वाटत असेल, तर त्यांनी ते "मात्र" नसलेलं वाक्य एकदा वाचावं.

चिन्हांनीही असाच दगा दिला असता. वेळेच्या मर्यादा आम्ही "पेक्षा कमी किंवा तितकाच" या चिन्हाने लिहितो आणि रोधासाठी ओहमचं चिन्ह वापरतो. ॲक्सेसच्या निर्यातीत कोडपेज (अक्षरांचा संच) पश्चिम युरोपीय ठेवलं तर ही चिन्हं त्यात नसतात, मग त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा दिसायला जवळचं पण भलतंच काही येऊन बसतं. निर्यातीच्या विझार्डमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडायचं, ते स्पेसिफिकेशन म्हणून जतन करायचं आणि दर वेळी तेच वापरायचं. काही फील्ड रिच टेक्स्टची होती. कुणीतरी नकारार्थी शब्द ठळक केले होते, त्यामुळे मजकुरात एचटीएमएलचे टॅग निघाले. ते क्वेरीतल्या प्लेनटेक्स्ट फंक्शनने गेले.

शेऱ्यांच्या रकान्याबद्दल मात्र मला भांडावं लागलं. रिक्वायरमेंट्स इंग्रजीत आणि शेरे मराठीत, सरांनी वेळोवेळी लिहिलेले. ग्राहकाच्या यादीत हा रकाना नव्हता. आमच्याकडेही सोडून देऊ असाच सूर होता, कारण अर्धे शेरे वाचताच येत नव्हते. जुने शेरे युनिकोडच्या आधीच्या सवयीने शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले. तो फॉन्ट लावला तर मराठी दिसायचं, नाहीतर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ. मी ते वेगळे काढले, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणले आणि सरांना शेजारी बसवून एकेक वाचून घेतले. जोडाक्षरं बरीच बिघडली होती. एका ठिकाणी सर म्हणाले, "पोरी, हे 'रिले' नाही, 'रेल' आहे. अर्थच बदलून राहिला इथं." नुसत्या कन्व्हर्टरवर सोडलं असतं तर हे कुणाच्या लक्षात येणार होतं?

मजकूर गेल्यावर लिंकांची पाळी. आधी दोन्ही बाजूंचे ऑब्जेक्ट आत असले पाहिजेत, मगच लिंक. डोअर्समध्ये लिंक खालच्या पातळीवरून वरच्या पातळीकडे जाते, म्हणजे टेस्टकडून रिक्वायरमेंटकडे. तशी रीत असण्यामागे कारण आहे: लिंक ज्या मॉड्यूलमधून निघते तिथे लिहिण्याचा अधिकार लागतो, जिथे पोचते तिथे लागत नाही. त्यामुळे टेस्टिंगचे लोक रिक्वायरमेंटला हात न लावता आपल्या लिंक बांधू शकतात. ॲक्सेसमधलं तिसरं टेबल वाचून दोन्हीकडचे क्रमांक शोधायचे आणि लिंक तयार करायची, एवढीच स्क्रिप्ट डीएक्सएलमध्ये लिहिली. डीएक्सएल ही डोअर्सची स्वतःची स्क्रिप्टची भाषा, सी जाणणाऱ्याला फारशी परकी वाटत नाही. हे काम सरळ झालं.

अडचण आली ती दुसऱ्या खेपेला. मोजक्याच वाक्यांत बदल होता. आयात झाली आणि टेस्टिंगमधले भाऊ धावत आले, "मॅडम, सगळेच लिंक सस्पेक्ट काहून दाखवून राहिले?" रिक्वायरमेंट बदलली की तिच्याशी जोडलेली टेस्ट पुन्हा तपासा, असं डोअर्स सस्पेक्ट लिंकमधून सांगतं. फार मोलाची सोय आहे ती. पण सगळंच संशयित ठरलं तर खरा बदल त्यात बुडून जातो. शोधलं तर फरक ओळ तोडण्याच्या खुणेत निघाला. ॲक्सेस नवी ओळ दोन अक्षरांनी नोंदवतं आणि आमच्या आयातीच्या वाटेत त्यातलं एक गळत होतं. शिवाय काही वाक्यांच्या शेवटी रिकाम्या जागा होत्या. डोळ्याला काही दिसत नाही, पण तुलनेत मजकूर बदललेला. आता स्क्रिप्ट आधी दोन्हीकडचा मजकूर एकसारखा करते, मग ताडते, आणि खरोखर फरक असेल तेवढ्याच ऑब्जेक्टमध्ये लिहिते. त्यामुळे बदलांचा इतिहासही स्वच्छ राहतो.

हे सगळं जागेवर आल्यावर ज्यासाठी खटाटोप केला ते दिसू लागलं: टेस्ट नसलेल्या रिक्वायरमेंट्स आणि रिक्वायरमेंट नसलेल्या टेस्ट. पहिल्या प्रकारातल्या बहुतेकांचा निकाल लवकर लागला. त्यांच्या टेस्ट होत्या, नोंद नव्हती. दुसऱ्या प्रकारातली एक टेस्ट मात्र कुणालाच उलगडेना. कार्ड (उपकरणातला सर्किट बोर्ड) गरम चेंबरमध्ये ठेवायचं, पुरतं तापल्यावर सप्लाय क्षणभर तोडून परत द्यायचा आणि सेक्शन व्याप्त (मोकळं नाही असं) दाखवतं का ते पाहायचं. तापमानाची टेस्ट वेगळी होती, सप्लायचीही वेगळी होती. मग दोन्ही एकत्र का? वर बोट दाखवायला रिक्वायरमेंट नाही, त्यामुळे बैठकीत ती वगळायचा प्रस्ताव आला. चेंबर अडून राहतो, वेळ जातो, मुद्दा चुकीचा नव्हता.

मी शेऱ्यांमध्ये शोधलं. टेस्टच्या टेबलातही शेऱ्यांचा रकाना होता आणि हा शेरा शिवाजी फॉन्टमधलाच, नुकताच वाचता यायला लागलेला. सरांनी लिहिलं होतं: मे महिना, बल्लारशा बाजूची फील्ड ट्रायल, दुपारी लोकेशन बॉक्सच्या पत्र्याला हात लावता येत नाही, सप्लाय क्षणभर गेला आणि आला, तर कार्डाने जुना काउंट खरा धरला, थंड असताना असं करत नाही, असं होता कामा नये.

रुळाच्या कडेला उन्हात उभा असलेला तो लोखंडी डबा विदर्भातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बाहेर ४५ अंश असताना आत काय असेल याची कल्पना येते. ट्रायलमध्ये दोष सापडला, कार्ड सुधारलं गेलं, टेस्ट लिहिली गेली, पण रिक्वायरमेंट लिहायची राहून गेली होती. सर त्या बैठकीत होते. मी शेरा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी ट्रायलचं सगळं वर्णन केलं आणि वगळण्याचा प्रस्ताव तिथेच मागे घेतला गेला. रिक्वायरमेंट लिहिली, तपासली, तिला कायमचा क्रमांक मिळाला, टेस्टकडून लिंक बांधली आणि सरांचा शेरा कारणाच्या ॲट्रिब्यूटमध्ये इंग्रजी भाषांतरासह गेला. ग्राहकाच्या माणसाने तो वाचल्यावर कारणाचा रकाना आपल्या यादीत घेतला, आणि आता नवी रिक्वायरमेंट कारणाशिवाय दाखल होत नाही.

असेसर आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे मध्येच कुठली तरी एक रिक्वायरमेंट निवडली. डिझाइन, कोड, टेस्ट, टेस्टचा निकाल असं खाली जाऊन पुन्हा वर आलो, जागेवरून न उठता. मग त्यांनी आयातीची प्रक्रिया विचारली. लांबी आणि मजकूर ताडल्याच्या नोंदी प्रत्येक खेपेच्या जपून ठेवल्या आहेत, त्या दाखवल्या. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी तिथेच घालवला.

ॲक्सेस बंद केलेलं नाही. बेंचवर काम करणाऱ्यांना त्याचे फॉर्म हातचे आहेत, टेस्टची नोंद तिथेच होते आणि बेसलाइन घेण्याआधी निर्यात होऊन डोअर्समध्ये जाते. हार्डवेअरच्या ड्रॉइंगची यादी अजून वेगळ्या एक्सेलमध्ये आहे आणि तिथेही क्रमांक ओळीबरोबर सरकतात. तिला कायमचे क्रमांक द्यायचं काम आता हातात घेतलं आहे.